बसलेली बाई

अक्काला मारायला तिच्या सासरी कारण लागत नसे. भाकर करपली तर मार, आणि नाही करपली तर "म्हंजे रोज मुद्दाम करपवती" म्हणून मार. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला एका गावात तिला दिलेली होती. ऊस, कापूस, गुरंढोरं, घर भरलेलं होतं. दाजी, म्हणजे तिचा नवरा, गावात मऊ मनाचे म्हणून प्रसिद्ध होते. बैलांवर त्यांनी जन्मात चाबूक उगारला नाही. मुकं जनावर आहे, त्याला लागतं, असं म्हणायचे आणि घरात येऊन बायकोला लाथ घालायचे.

सासू मारायची ती चुलीतल्या लाकडानं. आधी लाकूड चुलीबाहेर ओढायची, राख झटकायची आणि मग मारायची. अक्काच्या दंडावर जुने काळे डाग होते, त्यांवर नवे लाल असायचे. माहेरी आली की ती पदर मनगटापर्यंत ओढून बसायची आणि आई तो पदर कधीच वर करून बघायची नाही. आई म्हणायची, नांदावं लागतं. दिवाळीचा सण आणि बाळंतपण सोडून लेकीला घरी आणू नये, असाही तिचा एक दंडक होता. अक्काला बाळंतपण नव्हतंच, म्हणजे दिवाळी तेवढी राहिली.

वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी निवले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण माझ्याकडं बघूनच कुणीतरी केली असावी. ते घर आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि जायलाच पाहिजे.

अक्काचं दुखणं तसं उघड होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. खाणं बेताचं असूनही अंग सुटत चाललं होतं. आणि हनुवटीवर केस आले होते, चांगले राठ आणि काळे. ती चिमटीत राख घेऊन ते एकेक उपटायची. उपटले की दुप्पट यायचे. सासू चारचौघांत म्हणायची, "नवऱ्याला दाढी, बायकोला बी दाढी! न्हाव्याचंच नशीब उघडलं." एकदा दाजींची दाढी करायला न्हावी आला तेव्हा तिनं अक्काला खरंच अंगणात आणून बसवलं. न्हावी भला माणूस. तो म्हणाला, "काकू, बाईमाणसाच्या तोंडाला मी वस्तरा लावणार न्हाई," आणि धोपटी आवरायला लागला. मग दाजींनीच त्याच्या हातातला वस्तरा घेतला, आणि सासूनं मागून वेणी धरली. अक्काच्या हनुवटीखाली तो व्रण शेवटपर्यंत होता.

मूल व्हावं म्हणून केलेले उपाय मारापेक्षा वेगळे नव्हते. कुणी म्हणालं, ओटीपोटात गाठ धरली आहे, ती जाळली पाहिजे. मग विळा तापवून डाग दिला. तो चिघळला. दुसऱ्या कुणी बिब्बा घालायला सांगितला. बिब्बा उतला आणि पोटाची कातडी सोलून निघाली. जांबच्या रामाला नवस बोलून झाला. तेवढ्या एका उपायानं तिला काही इजा झाली नाही.

आता माझं सांगते. रझाकारांच्या धामधुमीत माझा नवरा मारला गेला. मी धड नांदलेही नव्हते. विधवा पोरीचं काय करायचं हे वडिलांना सुचेना, म्हणून त्यांनी मला हैदराबादेला नर्सचं शिकायला पाठवलं. त्यांना काही सुचलं असतं तर माझं वाटोळं झालं असतं. शिकून मी जालन्याच्या दवाखान्यात लागले, आणि तिथंच पुढं हैदराबादेहून एक डॉक्टरीणबाई आल्या.

त्या बायकांच्या पाळीचा अभ्यास करत होत्या. पाळी का थांबते, का अति होते, मूल का होत नाही, बाईच्या तोंडावर केस का येतात, हे त्यांना शोधायचं होतं. इतर डॉक्टर मिशीत हसायचे. ज्या गोष्टीचं नाव घरात कुणी काढत नाही तिच्यावर अभ्यास कसला, असं त्यांचं म्हणणं. बाई कुणाला जुमानत नव्हत्या. दवाखान्याची जीप घ्यायच्या, मला सोबत घ्यायच्या आणि गावोगाव हिंडायच्या. त्यांचं मराठी पुस्तकी. पहिल्याच गावात त्यांनी एका बाईला विचारलं, "आपला ऋतुस्राव नियमित आहे का?" ती बाई घाबरून म्हणाली, "आमच्यात न्हाई कुणी त्या नावाचं."

मग मी त्यांना आमचा शब्द दिला. आमच्याकडं पाळी येते असं म्हणत नाहीत, बाई बसली म्हणतात. कावळा शिवला की बाईनं बाहेर बसायचं. गोठ्यामागं किंवा परसात एखादं छप्पर असतं, तिथं. तिला कुणी शिवायचं नाही, तिनं कशाला शिवायचं नाही, भाकर वरून टाकायची. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाली की ती घरात आली. बाई हे शिकल्या, आणि तेव्हापासून प्रत्येकीला विचारू लागल्या, "दर महिन्याला बसता का?" उत्तरं भराभर यायला लागली.

अक्काच्या केसांचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "अशाच बाईची पाळी बंद झालेली असते. मला तिला पाहायचंच आहे." आम्ही गेलो. अक्का दाराआड उभी राहिली आणि सासू उंबऱ्यात बसून तिच्या वतीनं बोलायला लागली.

"बसती का म्हणून काय इचारता? महिन्यातून दोन-दोनदा बसती! मी म्हातारी पाणी भरून राह्यले, शेण काढून राह्यले, अन ही छपरात लोळून राह्यली. बसायची लई हौस हाय हिला."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. जीपमध्ये म्हणाल्या, "हे तर उलटच निघालं. हिला रक्तस्राव थांबत नाही. केसांचं कारण काही वेगळं असेल." अक्काला त्यांनी रक्त आवरायचं औषध दिलं. मी स्वतः तिला बाटली देऊन आले. ती मुकाट्यानं घ्यायची, कारण ती काहीही मुकाट्यानंच घ्यायची.

गावोगाव हाच प्रकार होता. बाई सुनेला विचारायच्या आणि उत्तर सासू द्यायची. एके दिवशी त्या वैतागून म्हणाल्या, "अशी एखादी जागा सांगा, जिथं सासू पाऊल टाकणार नाही." मी हसले. म्हटलं, एकच आहे, बाहेर बसायची.

आणि त्या खरंच तिथं जायला लागल्या. छपरात शिरायच्या, बसलेल्या बाईजवळ फतकल मारून बसायच्या, तिच्या पोटाला हात लावून बघायच्या. गाव आम्हा दोघींना बाटलेल्याच समजायला लागलं. पण त्या छपरांमध्ये बायका जे बोलल्या ते मी पुढं कुठंच ऐकलं नाही. कुणाची सासू नाही, नवरा नाही, कानोसा घेणारं कुणी नाही. एकीनं तर नवऱ्याची अशी नक्कल केली की डॉक्टरीणबाईंना हसून ठसका लागला.

असंच आम्ही अक्काच्या छपराशी गेलो. ती गोधडीला टाके घालत बसली होती. तिला इतकं स्वस्थ मी लग्नाआधीही बघितलं नव्हतं. बाईंनी तिला आडवं व्हायला सांगितलं, तपासलं, आणि चमकून माझ्याकडं बघितलं.

"हिची कापडं तर कोरी आहेत," त्या म्हणाल्या. "हिला पाळी आलेलीच नाही. मग इथं का बसली आहे?"

अक्कानं आधी बाहेर कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाली, "बसलेल्या बाईला कुणी शिवत न्हाई, बाई. शिवत न्हाई म्हंजे मारत बी न्हाई."

अक्का खाली बघून टाका घालत राहिली आणि बोलत राहिली. "लगीन झाल्यावर आल्तं कधीमधी. मंग बंदच झालं. न्हाई बसलं तर ह्यांना वाटायचं पोट राह्यलं, अन मंग न्हाई राह्यलं की अजून मार. म्हणून पैल्यांदा खोटीच बसले. तवा ध्यानात आलं. ते चार दिस अंगाला कुणाचा हात लागला न्हाई. मंग लईच मार झाला की मी बसायला लागले."

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी अक्काला सगळं समजावलं. बाईच्या पोटात दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. तुझ्या बीजकोशांवर जाड साल चढली आहे, जुनाट मोसंब्यासारखी. बी आतच अडकतं, म्हणून पाळी येत नाही, म्हणून मूल नाही. ह्याच बिघाडानं अंगातले रस बदलतात आणि तोंडावर केस येतात. शस्त्रक्रिया करून थोडी साल काढली तर कधीकधी सगळं सुरू होतं. हे ऐकून अक्कानं एवढंच विचारलं, "म्हंजे मी डाकीण न्हाई?"

तिला हैदराबादेला न्यायला घरच्यांची परवानगी लागणार होती. मी म्हटलं, बाई, तुम्ही बोलू नका, मी गोड बोलून काढते. पण त्या खऱ्या बोलणाऱ्या, आणि तोवर त्यांच्या डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं. तडक अंगणात गेल्या. दाजी आणि सासू समोरच होते.

"तुमच्या सुनेला कित्येक वर्षांत पाळी आलेलीच नाही," त्या म्हणाल्या. "पण ह्यावर उपाय आहे."

सासू म्हणाली, "येतच न्हाई? मंग ही बसती काय म्हणून?" पुढचं तिचं तिलाच उलगडत गेलं. मला ते तिच्या तोंडावर दिसलं. "म्हंजे मी जे पाणी भरलं, शेण काढलं, ते समदं... अन ही बिलकुल शुद्ध हाय?" ती उठली. "शुद्ध हाय व्हय? मंग शिवाया हरकत न्हाई."

चुलीतलं लाकूड तिनं ह्या वेळी झटकलंही नाही. पेटतं तसंच घेऊन छपराकडं धावली. मी पोचेपर्यंत पहिला घाव कानावर बसला होता. अक्काचे केस पेटले. तो वास मला आजही कुठंही येतो. मी पदरानं तिचं डोकं आवळलं, तेवढ्यात दाजी आले आणि त्यांनी माझ्या हाताखालून अक्काला पायाला धरून बाहेर ओढलं. बरगडीत लाथ घातली, मग पुन्हा त्याच जागी घातली. डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या तर सासूनं त्यांना ढकलून दिलं. त्या शेणात पडल्या. मी ओसरीवरून मुसळ उचललं आणि दाजींच्या मनगटावर घातलं. हाड वाजलं. मला फार बरं वाटलं. आजही वाटतं. दुसरा घाव मी त्यांच्या डोक्यात घालणार होते, पण जीपचा ड्रायव्हर आला आणि त्यानं मला मागून धरलं.

दाजी मनगट धरून ओरडत होते, "न्या तिला! कापा, चिरा, मेली तर कळवू बी नका! मी दुसरी करून राह्यलो!" परवानगी म्हणतात ती आम्हाला अशी मिळाली.

हैदराबादेला शस्त्रक्रिया झाली. कानाची जखम पोटाच्या जखमेच्या आधी भरली, पण त्या कानानं तिला पुढं ऐकू आलं नाही. पुढं काही आठवड्यांनी, जालन्याला माझ्या खोलीवर, अक्का सकाळी मोरीतून बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. "आलं," म्हणाली. "खरंच आलं." डॉक्टरीणबाईंना कळवलं तर त्या धावत आल्या, अक्काला त्यांनी मिठीच मारली. अक्का ओरडली, "शिवू नका, शिवू नका!" बाई सोडेनात. त्यांच्या अभ्यासात ती बरी झालेली पहिली बाई होती.

मला वाटलं, सुटलो. पण अक्का म्हणाली, "आता मला घरी नेऊन घाल."

मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारीण बघायला आली. म्हटलं, मरायला चाललीस का? एक कान राह्यलाय तो बी देऊन येतीस का? ती शांतपणे म्हणाली, "माझ्यात खोट होती म्हणून मारत होते. आता मी बरी झाले. आता काहून मारतील?" तेवढ्यात गावाहून आलेल्या एका माणसानं बातमी आणली की दाजींची सोयरीक टेंभुर्णीकडं जमली आहे आणि सुपारी फोडायला पाहुणे येणार आहेत. अक्का त्याच दिवसांत पुन्हा बसायची होती. बसली, आणि म्हणाली, "चल. देवानं बराबर दिलं."

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. पाहुणे बसले होते, मधे तबकात सुपारी. दाजींच्या डोक्याला फेटा होता. अक्का छपराकडं वळली नाही. चपला काढल्या, ओसरी चढली, आणि त्या सतरंजीच्या मधोमध, तबकाला गुडघा लागेल अशी खाली बसली.

"बसले मी," ती म्हणाली.

पाहुणे विस्तव अंगावर पडल्यासारखे उठले. सासू आतून धावली. "खोटं! हिला खोटं बसायची सवयच हाय, साऱ्या गावाला ठाव हाय!" हातात लाकूड होतंच. अक्का थोडी बाजूला सरकली. सतरंजीवर डाग उमटला होता. तो सगळ्यांनी बघितला.

"ये, आत्याबाई," अक्का म्हणाली. "शिव मला."

सासूचा हात वरच्या वर राहिला. दाजी दोन पावलं पुढं आले आणि थांबले. त्या घरात अक्काला मारायचं म्हणून पुढं आलेला माणूस मी पहिल्यांदाच थांबलेला बघितला. सासूनं लांबूनच लाकूड फेकलं, ते तबकावर आदळलं आणि सुपाऱ्या अंगणात गेल्या. पोरीचा बाप पागोटं सावरत म्हणाला, "आमी निघतो, दादा. पोरीला विहिरीत ढकलायची असती तर आमच्या गावात बी विहीर हाय."

अक्का उठून छपरात गेली. मीही गेले. तिला शिवले म्हणून मीही विटाळले होते, त्यामुळं मुसळाचा सूड राहून गेला. मी रोज म्हणायचे, चल. ती म्हणायची, "न्हाऊन घरात जाते. आता मी खरी हाय. त्यांना कळंल."

चौथ्या दिवशी सकाळी सासूनं स्वतः पाणी तापवलं. अक्कासाठी तिनं कधी तांब्याभर पाणी तापवलं नव्हतं. वाफाळता हंडा न्हाणीच्या दगडावर ठेवून ती चार हात लांब उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "जल्दी न्हा, पोरी. न्हाऊन घे." अक्काचा चेहरा उजळला. लुगडं हातात घेऊन ती छपराबाहेर आली, आणि तेव्हा तिला दाजी दिसले. ते घराच्या दारात उभे होते. एक मनगट अजून बांधलेलं होतं. दुसऱ्या हातात बैलांचा चाबूक होता, कोराच, कधी न वापरलेला. त्यांना घाई नव्हती. ती न्हायची वाट बघत होते.

अक्का बराच वेळ हंड्याकडं बघत राहिली. मग तिनं पायानं तो उलथा केला. पाणी अंगणभर पसरलं, सासूच्या पायापर्यंत गेलं आणि ती किंचाळत मागं पळाली. अक्का तशीच, न न्हालेली, केस मोकळे सोडून गावाच्या मधल्या वाटेनं निघाली. सासू मागून बोंबलत होती, "विटाळशी हाय, सरका, शिवू नका तिला!" पारावरची माणसं उठून भिंतीला लागली. पाणवठ्याच्या बायकांनी घागरी बाजूला घेतल्या. सासूच ओरडून तिला वाट करून देत होती. घनसावंगीला आम्हाला मोटार मिळाली.

जालन्याला खोलीवर पोचल्यावर ती म्हणाली, "आता न्हाते." मी पाणी तापवलं, विसण घालून दिलं आणि दार ओढून घेतलं. कितीतरी वेळ आत पाण्याचा आवाज येत होता. ती बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं, तोंडावर वाफ होती, आणि ती शुद्ध झालेली होती. मी पंचा घेऊन पुढं झाले.

तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीशी खाली बसली.

"अगं, केस पुसतेय," मी म्हटलं. "केस पुसतेय फक्त."